जिप्सीचा मागचा डावा ड्रम: लायनर दोनदा बदलूनही तेल का येत राहिलं

गाडी मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर एमपीएफआय पेट्रोल. मालक मुळशी खोऱ्यातले शेतकरी. आठवडाभर गाडी बांधावरून आणि खाचरांच्या कडेने खतं, रोपं, माणसं वाहते. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तीच गाडी मित्रमंडळींबरोबर ताम्हिणीच्या बाजूला चिखलात आणि ओढ्यांत उतरते. कंपनीचे २०५/७० आर१५ टायर काढून ३१ इंची मड टायर घातलेले, चाकं बाहेर यावीत म्हणून ३० मिलिमीटरचे स्पेसर, शॅकल (स्प्रिंगचे पाटे चासीला जोडणारी कडी) बदलून गाडी थोडी उचललेली. ऑफ-रोडच्या हौशी लोकांकडे जिप्सी साधारण अशीच दिसते.

तक्रार मागच्या ब्रेकची होती. कच्च्या रस्त्यावर, विशेषतः उतारावर, पेडल हलकं दाबलं तरी मागचं डावं चाक धरायचं आणि गाडीची शेपूट हलायची. ओढा ओलांडला की उलट व्हायचं: मागचा ब्रेक आहे की नाही अशी शंका यावी इतका ढिला, आणि दोन-तीन किलोमीटरनंतर अचानक पुन्हा धरणारा. शिवाय साठच्या पुढे गेलं की मागून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज.

डाव्या ड्रममध्ये तेल येतं म्हणून या आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्या बाजूचे लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारं अस्तर) दोनदा आणि ऑइल सील (एक्सलमधलं तेल अडवणारी रबरी कडी) एकदा बदललं होतं. दोन्ही वेळा महिना-दीड महिना गाडी बरी चालली आणि मग तोच प्रकार. मालक म्हणाले, “दादा, पार्ट चांगल्यातले टाकले, बिलं आहेत माझ्याकडे. तरी तेल येतंच.” पार्टच्या दर्जावर त्यांचा संशय होता. बिलं पाहिली, पार्ट खरोखर चांगले होते. म्हणजे चांगला पार्ट वाईट जागी बसवला जात होता, आणि ती जागा वाईट का झाली हे कुणी पाहिलं नव्हतं.

चालवून पाहणं

ड्रम उघडायच्या आधी गाडी चालवलीच पाहिजे, हा माझा आग्रह असतो. एकदा चाक निघालं की आवाजाची चौकशी करायची संधी गेली.

मड टायर असलेल्या गाडीत बेअरिंगचा आवाज ओळखणं अवघड, कारण टायर स्वतःच गुणगुणतात. फरक असा, की टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. नव्या गुळगुळीत डांबरावर एक, खडबडीत डांबरावर दुसरा, सिमेंटच्या रस्त्यावर तिसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, ते फक्त वेग आणि भार ओळखतं. म्हणून रिकाम्या रस्त्यावर साठचा वेग धरून गाडी हलकेच डावी-उजवी झुलवली. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, आणि नेमका तेव्हाच आवाज वाढत होता. डावीकडे वळवली की कमी. न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू दिली तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन-क्लचचा संबंध नाही. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना सूर बदलत नव्हता. क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरचा आवाज असता तर तो तिथे हमखास बदलला असता.

ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर चालवून थांबलो आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही मागचे ड्रम तपासले. डावा स्पष्ट जास्त गरम होता. पण ड्रम गरम असण्याची दोन कारणं असू शकतात: शू (ज्यावर लायनर बसवलेला असतो ती अर्धगोल पट्टी) घासत राहणं किंवा बेअरिंग तापणं. शू घासत असेल तर ड्रमची बाहेरची कड, जिथे लायनर टेकतो ती, सर्वात गरम लागते. बेअरिंग असेल तर मधला भाग आणि बॅक प्लेटच्या (ड्रमचं तोंड झाकणारी, न फिरणारी पाटी) मागे एक्सलची नळी गरम लागते. इथे दोन्ही जागा तापलेल्या होत्या. याचा अर्थ तेव्हा पूर्ण लागला नाही, उघडल्यावर लागला.

मग पुढच्या चाकांना ओट लावून, मागचा एक्सल जॅकने उचलून गाडी स्टँडवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं तर हाताला जाणवेल इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा. आत-बाहेर ओढलं तर ‘टक’ असा बारीक आवाज. उजव्या चाकाला यातलं काहीही नाही. एका हाताने चाक फिरवत दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवला, तेव्हा पाट्यांतून वाळू दळल्यासारखी थरथर हाताला लागली. ही चाचणी फुकट आहे आणि कानापेक्षा खात्रीची आहे. जिप्सीत मागे पाटे थेट एक्सलवर बसलेले असल्यामुळे बेअरिंगची खरखर त्यांच्यात लगेच उतरते.

ड्रमच्या आत

जिप्सीचा ड्रम अडकला तर हातोड्याने ठोकण्याची गरज नसते. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे आवळले की ड्रम स्वतःच फ्लँजवरून (एक्सल शाफ्टच्या टोकाची, चाक बसायची तबकडी) सुटतो. अडकतो तो बहुधा वेगळ्या कारणाने: लायनर जिथे टेकत नाही तिथे ड्रमच्या आतल्या कडेला गंजाची उंच धार तयार होते आणि शू तिच्यामागे अडकतात. अशा वेळी आधी ॲडजस्टर सैल करून शू आत घ्यायचे. ठोकाठोकी केली तर बीडाचा ड्रम तडकतो, आणि आधीच जखमी बेअरिंगला आणखी मार बसतो तो वेगळाच.

आतलं दृश्य अपेक्षेप्रमाणे काळं आणि ओलं होतं. शू, स्प्रिंगा, बॅक प्लेटचा खालचा अर्धा भाग, सगळीकडे चिखल आणि तेलाचा लगदा. आता प्रश्न, हे तेल कुठलं? ड्रममध्ये तीन गोष्टी गळू शकतात: व्हील सिलिंडरमधून (शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) ब्रेक ऑइल, एक्सलमधून क्राउन ऑइल, म्हणजे क्राउन-पिनियनचं गिअर ऑइल, आणि बेअरिंगचं पातळ झालेलं ग्रीस. चिखलात मिसळल्यावर तिन्ही सारखीच दिसतात, आणि इथे चूक झाली तर चुकीचा पार्ट बदलला जातो. क्राउन ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. तरी खात्रीसाठी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बॅक प्लेटवरचा ओघळ थोडा सोडला. ब्रेक ऑइल, म्हणजे नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४, पाण्यात मिसळून जातं. हे तेल वर तरंगत राहिलं आणि पेल्याच्या कडेला तवंग धरला. व्हील सिलिंडरचे दोन्ही रबरी बूट उचलून पाहिले, आत कोरडे. म्हणजे क्राउन ऑइलच. इथपर्यंत आधीचं गॅरेजही बरोबर होतं, म्हणूनच त्यांनी सील बदललं.

लायनर मात्र नीट पाहण्यासारखे होते. दोन्ही शू सारखे भिजलेले नव्हते. पुढचा शू, म्हणजे चाक पुढे फिरताना ड्रम ज्याला आपल्याबरोबर आत ओढतो तो, अर्धवट भिजलेला आणि चकाकणारा. मागचा पार तेलात न्हालेला. ड्रम ब्रेकमध्ये पुढचा शू स्वतःच जोर धरतो. घर्षणाने तो ड्रमवर आणखी दाबला जातो, त्यामुळे ब्रेकचा मोठा वाटा तोच उचलतो. त्याच्यावर थोडंसं तेल आलं आणि ते भाजून चिकट झालं की तो धरायला लागतो. खूप तेल किंवा पाणी आलं की घसरायला लागतो. मालक सांगत होते ती ‘कधी धरतो, कधी सुटतो’ अशी परस्परविरोधी वाटणारी तक्रार याच एका शूची दोन रूपं होती. ड्रमच्या कडेचा ताप तिथून, आणि मधला ताप बेअरिंगचा.

आणखी एक गोष्ट दिसली. लायनर किती उरलाय हे ड्रम न काढता बघता यावं म्हणून बॅक प्लेटला एक भोक असतं, त्यावर रबरी बूच असतं. उजव्या बाजूला ते जागेवर होतं. डावीकडे नुसतं उघडं भोक, त्याच्या आतल्या कडेला वाळलेल्या लाल मातीचा थर. आधीच्या कामात बूच हरवलं असणार. मागच्या टायरने उडवलेला चिखल थेट बेअरिंगच्या बाजूला आत येत होता.

एक्सल बाहेर

जिप्सीचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग जातीचा आहे. मोठ्या ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये गाडीचं वजन हब आणि हाउसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) पेलतात, एक्सल शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट काढला तरी चाक जागेवर राहतं. जिप्सीत तसं नाही. चाक थेट शाफ्टच्या फ्लँजवर बसतं. वजन, ब्रेकचा झटका, इंजिनचा पीळ आणि वळणातला आडवा दाब, सगळं त्या एका शाफ्टवर आणि त्याच्या एका बेअरिंगवर येतं. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं आणि त्याच्यामागे एक पोलादी कॉलर तितकीच घट्ट दाबलेली असते. चाक गाडीला धरून ठेवायचं काम ती कॉलर करते. बेअरिंग फुटलं किंवा कॉलर सरकली तर शाफ्ट, ड्रम आणि चाक असा सगळा सेट हाउसिंगमधून बाहेर चालायला लागतो. म्हणून मागच्या चाकाची गुणगुण ‘आवाजच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये, हे मी प्रत्येक जिप्सीवाल्याला सांगतो.

ब्रेकचा पाइप सोडून त्याचं तोंड बंद केलं, बॅक प्लेटचे नट काढले, आणि फ्लँजला स्लाइड हॅमर लावून शाफ्ट ओढून घेतला. बेअरिंग हातात फिरवलं तर खरखरत फिरायचं, मध्येच अडकायचं. बाहेरच्या, म्हणजे ड्रमकडच्या बाजूची झाकणी गंजून एका ठिकाणी उचकटलेली. आतलं ग्रीस दुधी-तपकिरी. आतल्या, म्हणजे तेलाकडच्या बाजूची झाकणी मात्र बऱ्यापैकी शाबूत. पाणी आणि माती ड्रमच्या बाजूने शिरली होती हे त्यावरून कळलं.

मग ऑइल सील. काही महिन्यांपूर्वीच घातलेलं, रबर अजून मऊ. पण त्याचा ओठ सगळीकडे सारखा झिजलेला नव्हता. एका बाजूला जवळजवळ नव्यासारखा, समोरच्या बाजूला सपाट झालेला. शाफ्ट मध्यावर फिरत नसला की असं होतं. बेअरिंगमध्ये प्ले आला, शाफ्ट एका बाजूला लोळायला लागला, आणि सीलचा ओठ एका बाजूने दाबला जात राहिला, दुसऱ्या बाजूने उघडा पडत राहिला. कितीही चांगल्या कंपनीचं सील असो, डोलणाऱ्या शाफ्टवर ते टिकणार नाही. सीलचा ओठ ज्या गुळगुळीत पट्ट्यावर फिरतो तिथे नखाला लागेल अशी एक चरी पण पडली होती.

इथे थांबून काम संपवता आलं असतं. बेअरिंग गेलं, त्यामुळे सील गेलं, त्यामुळे लायनर भिजले. साखळी जुळते. पण दोन गोष्टी अजून बसत नव्हत्या. उजव्या बाजूचं बेअरिंग ठणठणीत होतं, तरी उजव्या सीलच्या खालीही तेलाचा पातळ ओलावा होता. आणि आलेलं तेल जरा जास्तच होतं. नुसत्या झिजलेल्या ओठातून तेल झिरपतं; इथे कुणीतरी आतून ढकलल्यासारखं आलं होतं.

ब्रीदर

गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवली होती. सकाळी क्राउनचा खालचा बोल्ट अगदी हळू सैल केला. आधी पाणी आलं, मातकट, बारीक धार. पाणी तेलापेक्षा जड, रात्रभरात खाली बसलं होतं. त्याच्यामागून दुधाळ कॉफीच्या रंगाचं तेल. बोल्टच्या टोकाला राखेसारखा बारीक लोखंडी चुरा, पण तुकडे नाहीत, एवढं समाधान.

मग हाउसिंगच्या वर बसवलेला ब्रीदर काढला. हा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, चाक-बेअरिंगच्या तक्रारीत त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याची टोपी फिरायला हवी, हलायला हवी. ही टोपी मातीने अशी बसली होती की पकडीने फिरवावी लागली. फुंकर मारली तर हवा जाईना.

मागचा एक्सल चालताना तापतो. आतली हवा आणि तेल गरम होतं, हवा फुगते, आणि ती ब्रीदरमधून बाहेर जायला हवी. ब्रीदर बंद असेल तर आतला दाब वाढतो आणि त्याला एकच वाट उरते: दोन्ही टोकांची ऑइल सील आणि पिनियनचं सील. जे सील आधीच कमकुवत, तिथून तेल ढकललं जातं. म्हणून डावीकडे ओघळ आणि उजवीकडे ओलावा.

ओढ्यात उतरलं की उलटं होतं. ७० अंशांवर तापलेलं हाउसिंग २५ अंशांच्या पाण्यात बुडालं तर आतली हवा आकसते. बंद भांड्यात एवढ्या फरकाने दाब सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो. आता ओढ बाहेरून आत असते. ऑइल सीलचा ओठ तेल आत ठेवायला बनवलेला असतो, बाहेरचं पाणी अडवायला नव्हे. त्याची स्प्रिंग आणि कोन त्या बाजूचे नसतात. त्यामुळे पाणी सीलखालून आत शोषलं जातं. आपण ओढा पार करून बाहेर आलो, गाडी व्यवस्थित चालते आहे, पण क्राउन ऑइलमध्ये पाणी गेलेलं असतं. चिखलणीच्या दिवसांत खाचराच्या कडेने गाडी रोज येते-जाते तिथे हे पुन्हा पुन्हा घडतं.

मग आधी काय बिघडलं? माझं मत असं. ब्रीदर आधी बुजला, कारण तेलातलं पाणी आणि उजवीकडचा ओलावा दुसऱ्या कशाने समजावता येत नाहीत. बंद ब्रीदरमुळे तेल ड्रममध्ये यायला लागलं, लायनर भिजले, ते बदलले गेले. तेव्हाच बूच हरवलं. उघड्या भोकातून गाळ शिरला आणि डावं बेअरिंग बाहेरून गेलं. त्यानंतरचं नवं सील डोलणाऱ्या शाफ्टवर आणि दाबलेल्या हवेपुढे टिकणं शक्यच नव्हतं. त्यात स्पेसरने चाकाचा मध्य ३० मिलिमीटर बाहेर नेलेला, त्यामुळे वळणात बेअरिंगवर येणारा ताण वाढलेला. गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की आपली डावी चाकं साइडपट्टीवरून खाली उतरतात, तेही डाव्या बाजूच्याच वाट्याला. स्पेसर हे मूळ कारण नाही, पण त्याने बेअरिंगचं आयुष्य कमी केलं यात मला शंका नाही.

दुरुस्ती

कॉलर काढणं हे या कामातलं सर्वात जोखमीचं. ती पुन्हा वापरायची नसते, म्हणून कापायचीच असते. ग्राइंडरने एका जागी ती जवळजवळ पूर्ण जाडीपर्यंत घासली, शेवटचा पातळ थर मुद्दाम ठेवला, आणि तिथे छिन्नी लावून एक नेमका घाव घातला. कॉलर उकलली. ग्राइंडर शाफ्टला लागला तर तिथे पडलेल्या खाचेपासून पुढे कधीतरी शाफ्ट तुटतो. गॅस कटरने कॉलर कापणारेही पाहिले आहेत. त्या उष्णतेने शाफ्टचं कठीणपण उतरतं, आणि शाफ्ट दिसायला चांगला पण आतून मऊ होतो. तसं करू नये.

नवं बेअरिंग हायड्रॉलिक प्रेसवर बसवलं, दाब फक्त आतल्या रेसवर, म्हणजे कड्यावर. बाहेरच्या रेसवर दाब दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच डागळतं. महिन्याभरात तेच ‘घूंऽऽ’. मग नवी कॉलर, बेअरिंगला टेकेपर्यंत. ती बसताना प्रेसला जोर लागायलाच हवा. सहज सरकली तर एक तर कॉलर चुकीची आहे किंवा शाफ्ट झिजला आहे, आणि दोन्ही प्रकारांत ती गाडी रस्त्यावर सोडायची नाही. सैल कॉलरला वेल्डिंगचा टाका मारून ‘पक्की’ करायची एक पद्धत आहे. टाक्याच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि शाफ्ट तिथेच चिरतो. हे काम करणाऱ्याला गाडी देऊ नका, एवढं मी स्पष्ट सांगेन.

सीलच्या पट्ट्यावरची चरी उथळ होती, म्हणून नवं सील हाउसिंगमध्ये आधीपेक्षा किंचित जास्त खोल बसवलं. ओठ कोऱ्या पट्ट्यावर आला. चरी खोल असती तर हा उपाय चालला नसता. सीलच्या ओठामागे ग्रीस भरलं, आणि शाफ्ट आत घालताना तो खाली लोंबू न देता दोघांनी सरळ धरून नेला. स्प्लाइनची, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दात्यांची धार ओठाला लागली की सगळी मेहनत वाया. उजव्या बाजूचं सीलही बदललं. उजवं बेअरिंग चांगलं असल्याने मालकांनी विचारलं, “ते पण आत्ताच टाकायचं का?” मी नाही म्हटलं. चांगलं बेअरिंग काढलं की ते निकामीच होतं, आणि कॉलर कापताना शाफ्टला विनाकारण धोका.

लायनर दोन्ही बाजूंचे बदलले. एका चाकावर नवे आणि दुसऱ्यावर जुने असले की मागची चाकं सारखी धरत नाहीत, आणि ओल्या उतारावर ते महागात पडतं. तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याचा सल्ला मालकांना कुणीतरी दिला होता. लायनर सच्छिद्र असतो. वरून कोरडा दिसला तरी घाटात तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. जुने शू आणि ड्रम साफ करताना कॉम्प्रेसरची हवा वापरली नाही, ओलं करून पुसलं. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ड्रम फुंकताना काम करणारं पोर तोंडासमोरच बसलेलं असतं.

डाव्या ड्रमला उष्णतेचे निळसर डाग होते. आतला व्यास चार ठिकाणी मोजला, किंचित अंडाकृती झाला होता. लेथवर हलका हात मारून तो गोल केला आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आत तो राहतोय हे पुन्हा मोजून पाहिलं. बॅक प्लेटवर शू टेकतात त्या उंचवट्यांवर गंजाच्या पायऱ्या पडल्या होत्या. त्या घासून सपाट केल्या आणि उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचं फक्त बोट लावलं. पायऱ्यांत शू अडकतो, सुटत नाही, आणि ड्रम तापत राहतो. हरवलेलं रबरी बूच नवं बसवलं.

क्राउनमध्ये नवं ९० ग्रेडचं जीएल-५ तेल भरलं, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आणि गाडी सपाट असताना. पाणी गेलेल्या हाउसिंगच्या कोपऱ्यांत ते थोडं उरतंच, म्हणून पहिलं तेल शंभरेक किलोमीटर चालवून काढून टाकलं आणि पुन्हा नवं भरलं.

ब्रीदरच्या जागी नळीचा निपल बसवून त्याला तेल सहन करणारी रबरी नळी जोडली आणि ती चासीवरून वर, इंधन भरायच्या तोंडाच्या उंचीपर्यंत नेली. एक्सल वर-खाली होतो तेव्हा नळी ताणली जाऊ नये इतकी ढिली. टोकाला छोटा फिल्टर. या सगळ्या कामात सर्वात स्वस्त भाग हाच होता. नंतर ब्रेकमधली हवा काढली, शू ॲडजस्ट केले, हँडब्रेक सगळ्यात शेवटी. हँडब्रेकची केबल आधी ताणली तर शू बाहेर ओढलेले राहतात आणि पुढचं सगळं ॲडजस्टमेंट खोटं ठरतं.

त्यानंतर

चाचणीत मागचं चाक धरणं बंद झालं. दोन्ही ड्रमचं तापमान जवळपास सारखं आलं. पण आवाज पूर्ण गेला नाही, आणि मालक जरा नाराज झाले. उरलेला आवाज रस्त्याप्रमाणे बदलत होता, वळणात बदलत नव्हता. टायरवर हात फिरवून दाखवला: डाव्या मागच्या टायरचे ठोकळे एकाआड एक उंच-खाली झिजले होते. बेअरिंगमध्ये प्ले असताना चाक इतके महिने डोलत होतं, त्याची खूण टायरवर राहिली. तो आवाज टायर बदलेपर्यंत राहणार, असं त्यांना तेव्हाच सांगितलं.

स्पेसर काढा असंही सांगितलं. ते त्यांनी ठेवले. त्यांचा निर्णय आहे, पण मग दर पावसाळ्याआधी आणि नंतर चाक उचलून प्ले तपासायचा, असं ठरलं. या तपासणीला पाच मिनिटं पुरतात. जुन्या महिंद्रा जीपच्या मागच्या एक्सलमध्ये टेपर रोलर बेअरिंग असतात, तिथे आत-बाहेर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास प्ले मुद्दाम शिम घालून ठेवलेला असतो, त्यामुळे ‘जरासा प्ले असतोच’ हे वाक्य तिथून आलं असावं. जिप्सीच्या बॉल बेअरिंगला ते लावू नये. हाताला स्पष्ट प्ले लागला तर बेअरिंग संपलं आहे.

ओढ्यातून बाहेर आल्यावर दोन गोष्टी करायला सांगितल्या. थोडं अंतर पेडलवर हलका पाय ठेवून चालवायचं, म्हणजे लायनर कोरडे होतात आणि पुढच्या उतारावर ब्रेक कुठे आहे ते कळतं. आणि घरी आल्यावर बॅक प्लेटच्या बाजूने साध्या पाण्याने गाळ धुऊन काढायचा, प्रेशर वॉशरची धार मात्र सीलकडे धरायची नाही. ओल्या ड्रमवर रात्रभर हँडब्रेक लावून ठेवला तर शू गंजून ड्रमला चिकटतात. कोकणातल्या दमट हवेत तर हमखास. सपाट जागी गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावावा.

वाटेतच बेअरिंगने दगा दिला तर काय, हे त्यांनी जाताना विचारलं. ड्रम आणि बॅक प्लेटमधली फट बघा, म्हटलं. उजव्या-डाव्या बाजूची फट सारखी असेल तर सावकाश, वळणं सांभाळून डांबरी रस्त्यापर्यंत येता येईल. एका बाजूची फट जास्त दिसली, म्हणजे शाफ्ट बाहेर सरकतोय. मग एक मीटरही पुढे नाही. तिथेच उचलून शाफ्ट काढायचा किंवा गाडी ट्रकवर चढवायची.

पुढच्या पावसाळ्यानंतर गाडी परत आली तेव्हा डावा ड्रम उघडून पाहिला. आत लाल धूळ होती, कोरडी. सीलखाली ओलावा नव्हता, आणि क्राउनचा बोल्ट सैल केल्यावर पहिली धार तेलाचीच आली, तिचा रंग मधासारखा. उजव्या बेअरिंगला किंचित खरखर जाणवली. त्याची नोंद करून ठेवली आहे. नवं बेअरिंग, कॉलर आणि सील मागवली आहेत. पुढची चिखलणी सुरू व्हायच्या आत ती बाजू करायची आहे.